वेबसाईटची अंतिम फेरी

…आणि वर मलाच विचारायचे, "सूनबाई, तू एवढी गप्प का गं?" आता तुम्हीच सांगा, ज्या घरात गप्प बसल्याबद्दल मला ढाल मिळालेली, खरीखुरी, लाकडी, वर पितळी पट्टी, पट्टीवर कोरलेलं 'शांत स्वभाव', त्या घरात मी बोलायचं तरी कुठल्या तोंडानं?

थांबा, असं मधूनच नको. ढालीचं सांगते. नाही, आधी दुकानाचं, त्याशिवाय ढाल कळायची नाही. आमचं दुकान… म्हणजे सासऱ्यांचं, म्हणजे आता लग्न झालंय तर 'आमचं' म्हणायला हरकत नसावी, अजून तरी कोणी घेतलेली नाही… तर आमचं दुकान बक्षिसांचं. कप, ढाली, पदकं, सन्मानचिन्हं. धावण्यात पहिले आलात, या. निवृत्त झालात, या. कुत्र्यानं प्रदर्शनात नंबर काढला, त्यालाही घेऊन या, पट्टीवर त्याचं नाव कोरून देऊ. खाली दुकान, वर घर, मधे जिना, आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर लोकांनी न नेलेले कप, त्यामुळे नुसतं झोपायला वर चाललं तरी आपण काहीतरी जिंकून चाललोय असं वाटतं.

अशा धंद्यात जन्म काढला की माणसाचं जे व्हायचं ते माझ्या सासऱ्यांचं झालंय. त्यांना स्पर्धा लावल्याशिवाय काही ठरवताच येत नाही! पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे, स्पर्धा. चहा कोणाचा चांगला, स्पर्धा, आणि परीक्षकांचा निर्णय अंतिम. घरातल्या प्रत्येकाला काही ना काही मिळालेलं आहे. सासूबाईंना 'सर्वोत्कृष्ट व्यवस्थापन', तेही दर वर्षी, कारण एकदा दुसऱ्या कोणाला देऊन बघितलं तर महिनाभर जेवण उशिरा मिळालं म्हणे. माझ्या नवऱ्याला 'सर्वात आश्वासक खेळाडू'. हे त्याला शाळेत असताना मिळालं. आश्वासन अजून तेवढंच आहे. आणि मी लग्न होऊन आले, तर पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी बक्षीस समारंभाचा आवाज लावला… त्यांचा एक खास आवाज आहे, नाकातून निघतो आणि छताला लागतो… "आणि आता-आ-आ… जिच्या येण्यानं या घरात… टाळ्या कमी पडतायत मंडळी… 'शांत स्वभावा'ची फिरती ढा-आ-ल!"

फिरती. हे नीट ऐका. फिरती म्हणजे कायमची आपली नव्हे, पुढच्या विजेत्याकडे जाणारी. पट्टीवर आधीच्या विजेत्याचं नाव असतं. मी मोठ्या उत्सुकतेनं वाकून बघितलं, म्हटलं एखादी मावशी असेल, आत्या असेल… तर आधीचा विजेता काउंटरवरच्या काचेच्या भांड्यातला मासा!

मी काही बोलले नाही. बोलले असते तर मासा जिंकला असता.

तर एका दुपारी क्रीडा मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा फोन आला. ह्या बाई म्हणजे आमचं वर्ष. सगळ्या शाळांच्या स्पर्धा त्यांच्या हातात, त्यांची ऑर्डर आली की बाकीचं वर्ष कुत्र्यांच्या प्रदर्शनावर निघतं. सासऱ्यांनी फोन स्पीकरवर टाकलेला. ते सगळे फोन स्पीकरवर टाकतात, आणि तरीही ओरडतात.

"काका, या वर्षी समितीत नवी मुलं आलीत," बाई म्हणाल्या. "ती दुकानं फिरत नाहीत हो. वेबसाईट बघायची आणि बसल्या जागी ठरवायचं. रविवारी संध्याकाळी बैठक आहे, त्याच्या आत तुमची लिंक पाठवा. समोरच्यांची आलीय."

समोरच्यांची! समोरचा म्हणजे आमचा प्रतिस्पर्धी. तो आता समोर नाही बरं का, कधीच तीन गल्ल्या सोडून मोठ्या जागेत गेला, समोर हल्ली चष्म्याचं दुकान आहे, पण आमच्या घरात, आणि आमच्याशी बोलणाऱ्यांच्या तोंडीही, तो 'समोरचा' म्हणजे 'समोरचा'च.

सासरे ताडकन उभे राहिले. "लिंक ना? आहे की! अहो, चकाचक आहे! पाठवतो की!" फोन ठेवला. आणि मग तोच माणूस आमच्याकडे वळून, अगदी बारीक आवाजात, "आहे का रे आपल्याकडे?"

झालं! त्या क्षणापासून घराचे दोन तुकडे. वेबसाईट घरी करायची की डिझायनरला द्यायची?

नवरा म्हणाला, "बाहेर कशाला द्यायची? हल्ली काय असतं त्यात? फुकट साचे मिळतात, आपण नुसते फोटो आणि मजकूर भरायचा. मी करतो. रविवार कशाला, शुक्रवारीच देतो." हे कोण बोलतंय, तर ज्यानं 'शुक्रवारीच बदलतो' म्हणून सांगितलेला बाथरूमचा दिवा अजून बदललेला नाही! कुठला शुक्रवार ते सांगितलं नव्हतं, ही माझीच चूक. आम्ही चाचपडत दात घासतो.

सासूबाई म्हणाल्या, "डिझायनरला द्या. ज्याचं काम त्यानं करावं. तुझे केस एकदा ह्यांनी घरी कापले होते, आठवतंय? शाळेचा फोटो आणू?"

"फोटो नको," नवरा म्हणाला.

"पण बाहेरच्या माणसाला आपल्या कपांची माया कुठून येणार?" सासरे.

"माया नकोच आहे. लिंक हवीय!" सासूबाई.

आणि मी? मी कप पुसत उभी. आता तुम्हाला एक सांगते, तुम्ही आपले आहात म्हणून… मला वेबसाईट करता येते. अहो खरंच! लग्नाआधी मी एका रोपवाटिकेत कामाला होते, त्यांची वेबसाईट मी केली होती, एकटीनं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. आणि हे मी घरात सांगितलं नाही असंही नाही. सांगितलंय! सगळ्यांसमोर, आल्या आल्या सांगितलंय. पण ऐकणाऱ्यांनी त्यातलं 'रोपवाटिका' तेवढं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशीपासून गच्चीतल्या कुंड्या माझ्याकडे आल्या.

जीव असा तडफडत होता म्हणून सांगू! अगदी जिभेच्या टोकावर आलेलं, 'मी करू का?' फक्त तीन शब्द. पण भिंतीवर ती ढाल. आणि भांड्यात तो मासा, ज्याचं तोंड एकसारखं उघडतं-मिटतं पण आवाज काढत नाही, कसलेला खेळाडू. मी काही बोलले नाही.

तेवढ्यात सासऱ्यांचा हात वर गेला. तो वर गेला की समजायचं.

"स्पर्धा! घरचा संघ विरुद्ध पाहुणा संघ! घरच्या संघाचा कप्तान आमचे चिरंजीव. पाहुणा संघ, डिझायनर, जो मिळेल तो. अंतिम फेरी रविवारी दुपारी, याच मैदानावर! परीक्षक मी. व्यवस्था हिची. आणि सूनबाई…"

माझ्या हातातला कप थांबला.

"…सूनबाई, तू टाळ्यांचं बघ."

तर हे असं. सबंध शहरात दुसरं कोणी असतं तर एकाला काम दिलं असतं आणि मोकळं झालं असतं. आम्ही दोघांना दिलं, आणि मधे मला टाळ्या वाजवायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी डिझायनर आला. दाढी, आणि एका पायात एका रंगाचा मोजा, दुसऱ्या पायात दुसऱ्या. सासूबाईंनी मला कोपरानं खुणावलं, "घाईत निघाला असेल बिचारा." त्यानं दुकानभर एक चक्कर मारली, मोठ्ठा श्वास घेतला, एक कप उचलला, डोळे मिटले, आणि विचारतो कसा, "काका, तुमच्यासाठी विजय म्हणजे काय?"

अहो, हा प्रश्न माझ्या सासऱ्यांना विचारायचा असतो का? आम्ही सगळे घरात असून आजवर कोणी विचारला नव्हता, मुद्दाम! सासऱ्यांनी खुर्ची ओढली. दुपार झाली. ऊन काउंटरवरून जमिनीवर आलं, जमिनीवरून दाराबाहेर गेलं. डिझायनर पहिल्यांदा मान डोलावत होता, मग नुसता डोलत होता. शेवटी सासूबाईंनी त्याला शटरपर्यंत पोचवला.

इकडे आमचे आश्वासक खेळाडू वर बेडरूममध्ये लॅपटॉप घेऊन बसलेले. फुकटचा साचा घेतला, घेतला तो नेमका हॉटेलचा! का? तर "तो सोनेरी होता ना अगं, आपल्या कपांना शोभतो." बरं. आता त्या साच्यात वरती एक आचारी. उंच पांढरी टोपी, हातात डाव, आणि असा हसतोय की जणू त्यालाच पहिला नंबर मिळालाय. नवऱ्यानं त्याला काढायचा प्रयत्न केला, तो मोठा झाला. परत केला, दोन झाले!

"अरे, त्याला बाजूला कर ना," मी म्हटलं. बेडरूममध्ये मी 'अरे' म्हणते, खाली दुकानात 'अहो'. जिन्यात मधेच कुठेतरी तो बदल होतो.

"जात नाहीये अगं. राहू दे. बघ ना, विजेत्यासारखाच हसतोय."

आणि फोटो! प्रत्येक कपाचा वेगळा फोटो, मागे पांढरी चादर. म्हणजे कमरेएवढा चषक आणि किल्लीला लावायचं पदक, दोन्ही स्क्रीनवर एकाच उंचीचे! खाली लिहिलेलं, 'मुख्य पदार्थ'. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"कसं वाटतंय?" त्यानं विचारलं. चेहरा असा उजळलेला… मी काय सांगणार होते? मी टाळ्या वाजवल्या. माझं कामच होतं ते.

पण मग मला राहवेना! खरं सांगते, राहवेचना. दुकानात माझं काम कप पुसून कागदात गुंडाळून द्यायचं. कागद गुंडाळताना कान मोकळे असतात. इतके दिवस मी ऐकत होते, गिऱ्हाईक येतं तेव्हा 'विजय म्हणजे काय' असं कोणी विचारत नाही हो! विचारतात, "हातात धरल्यावर केवढा दिसेल?" विचारतात, "नाव लांब आहे, मावेल का?" विचारतात, "कधी मिळेल?" आणि निघता निघता, दारातून परत वळून, जरा संकोचून, "हरलेल्यांना द्यायला काही आहे का हो? छोटंसं? पोरं रडतात."

एवढंच. सगळी वेबसाईट एवढीच! ती माझ्या डोक्यात आयती तयार होती. दुकानाच्या कोपऱ्यातला जुना कंप्युटर, ज्यावर सासरे फक्त पत्ते खेळतात, त्यावर मी बसले. गिऱ्हाईक आलं की उठायचं, गेलं की बसायचं. फोटोंना मॉडेल हवं होतं, म्हणजे कप हातात केवढा दिसतो ते कळावं. आणि मॉडेल रोज सकाळी माझ्या समोर उभं! सासूबाई. त्या प्रत्येक कप छातीशी धरून पुसतात, आणि पुसताना चेहऱ्यावर असा भाव येतो की आत्ताच राष्ट्रगीत लागेल. मी मोबाईल काढला.

"काय गं, माझे कसले फोटो?" सासूबाई.

"सहजच, आई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कंप्युटरकडे बघितलं. मग कप दुसऱ्या हातात घेतला आणि मान वळवली. "या बाजूनं काढ. डावा गाल बरा येतो माझा."

त्याही काही बोलल्या नाहीत. 'सर्वोत्कृष्ट व्यवस्थापन' उगीच देत नाहीत.

रविवार उजाडला! दुकान बंद, शटर अर्धं खाली, काउंटरवर लॅपटॉप दोन, सासऱ्यांच्या गळ्यात शिट्टी. शिट्टी, हो! कुठून आणली विचारू नका, आमच्याकडे विकतात.

आधी घरचा संघ. स्क्रीन उघडली, आचारी हसला, आणि सासऱ्यांनी खालच्या सोनेरी चौकटीवर बोट ठेवलं. चौकटीत लिहून आलं, 'आपण किती जण जेवायला येणार?'

"हे… मी बघतो," नवरा म्हणाला. "शुक्रवारी."

मग पाहुणा संघ. स्क्रीन काळी. बराच वेळ काळी. मग धुकं. धुक्यातून हळूहळू एक कप वर यायला लागला, इतका हळू की सासूबाई वर जाऊन गॅस बंद करून आल्या तरी तो गळ्यापर्यंतच आलेला. मग अक्षरं उमटली, 'विजय एक प्रवास आहे.' संपलं.

"सुंदर!" सासरे म्हणाले. खरंच डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "अप्रतिम! आता फोन नंबर कुठंय?"

"तो सापडावा लागतो, काका," डिझायनर म्हणाला. "ग्राहकानं शोधायचा. तोच तर प्रवास आहे."

"अरे, प्रवास करत करत तो समोरच्याकडे पोचेल ना!"

आणि बरोबर तेव्हा फोन वाजला. स्पीकर. सेक्रेटरीबाई.

"काका, बैठक दुपारीच सुरू झाली हो. मुलं विचारतायत. लिंक?"

सासऱ्यांनी एकदा आचाऱ्याकडे बघितलं. एकदा धुक्याकडे बघितलं. तोंडातून शब्द येईना! ज्या माणसाचा आवाज छताला लागतो त्याचा आवाज शिट्टीच्या आतच अडकला. "देतो… म्हणजे… आमचं काय झालंय…"

"नसेल तर राहू द्या, काका. मग या वर्षी आम्ही त्यांच्याकडेच…"

तुम्हाला सांगते, मी माशाकडे बघितलं. माशानं माझ्याकडे बघितलं. त्याचं तोंड उघडं, माझंही उघडं. फरक इतकाच की माझ्यातून आवाज आला!

"मी केलीय एक."

दुकानात कोणाला ऐकूच गेलं नाही. सवय नाही ना त्यांना. ऐकू गेलं ते फोनमध्ये. "कोण बोललं?" सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "कोण आहे? मोठ्यानं बोला!"

आणि मी बोलले! अहो काय बोलले! लिंक सांगितली, पहिलं पान उघडा म्हटलं, ह्या माझ्या सासूबाई, ह्यांच्या हातात तो कप बघा म्हणजे सातवीतल्या मुलीच्या हातात केवढा दिसेल ते कळेल, इथे नाव टाइप करा, पट्टीवर मावतं की नाही तिथेच दिसेल, मावत नसेल तर ढाल घ्या, आणि आज सांगितलंत तर कधी मिळेल ती तारीख वरतीच आहे, आणि शेवटचं पान बघाच, 'जिंकले नाहीत त्यांच्यासाठी', छोटी पदकं आहेत, कारण तुमच्या शाळांत धावणारी पोरं खूप असतात आणि पहिली एकच येते… पलीकडून ती समितीतली मुलं एकेक प्रश्न विचारतायत, मी इकडून उत्तरं देतेय, श्वास घ्यायलाही थांबत नाहीये, लग्न झाल्यापासून साठलेलं सगळं वाहतंय! नवरा तोंड उघडं टाकून उभा. डिझायनर कोपऱ्यातल्या माझ्या स्क्रीनमध्ये डोकं घालून पुटपुटतोय, "फोन नंबर पहिल्याच पानावर… धाडस आहे!"

सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "काका, हे शेवटचं पान समोरच्यांकडे नाहीये हो. मुलांचं ठरलं. ऑर्डर तुमचीच. आणि त्या बाई कोण तुमच्या? फार छान बोलतात."

फार छान बोलतात! मला! मी काउंटरला धरून उभी राहिले. सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "डावा गालच चांगला आला."

आता तुम्हाला वाटेल झालं, गोष्ट इथे संपली. पण सासऱ्यांचं घर आहे हे! स्पर्धा झाली म्हणजे बक्षीस समारंभ व्हायला नको? शिट्टी वाजली. आवाज छताला लागला.

"प्रथम क्रमांक-क-क… घरचा संघ!"

मी एक पाऊल पुढे टाकलं. हो, टाकलं! कोणीही टाकलं असतं.

"कारण सूनबाई कोणाची? घरची! म्हणजे वेबसाईट घरीच झाली! आणि घरच्या संघाचा कप्तान कोण?"

नवरा पुढे. कप घेतला, वाकून नमस्कार बिमस्कार केला. द्वितीय क्रमांक, पाहुणा संघ, डिझायनरनं कप उचलून डोळे मिटले. मी टाळ्या वाजवल्या.

"आणि आता… प्रवेशिका वेळेत आली नव्हती, नियम म्हणजे नियम, परंतु परीक्षकांनी मोठ्या मनानं… उत्तेजनार्थ-र्थ… आपल्या सूनबाई!"

उत्तेजनार्थ. छोटं पदक. माझ्याच शेवटच्या पानावरचं, सगळ्यात पहिलं.

आणि 'शांत स्वभावा'ची फिरती ढाल? फिरली! माशाकडे परत गेली, भांड्याला टेकवून ठेवलीय. त्यानं काही भाषण केलं नाही.

जिन्यात नवरा कानाशी आला, "कप तुझाच आहे गं. खरं तर तुझाच."

"मग पट्टीवर माझं नाव घाल."

"पट्टी आधीच कोरून झालीय अगं. बदलतो ना. शुक्रवारी."

मी म्हटलं ठीक आहे. पण पुढच्या वेळी मी असं सोडणार नाही, आता तोंड उघडलंच आहे तर. सरळ सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "बाबा, ह्या प्रवेशिका मिळतात कुठे?"

त्यांनी माझ्याकडे इतक्या कौतुकानं बघितलं म्हणून सांगू… "अगं, छान आठवण केलीस! आपल्या वेबसाईटवर टाक ना तू."

टाकते. कुंड्यांना पाणी घालून झालं की बसते.